मृगाआधी पेरायचे बी : आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

साताऱ्याहून परळी खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या कुटुंबाची वीस गुंठे मुरमाड जमीन आहे आणि तिथे मी व माझे पती आपल्याकडच्या रानफुलांचे बी आणि रोपे तयार करतो. सुरुवातीला आमची रोपवाटिका इतरांसारखीच होती. गुलाब, जास्वंद, शेवंती यांची रोपे आणि बंगल्यांसमोरची हिरवळ यांवर घर चालत असे. 2012 साली पश्चिम घाटासोबत कास पठाराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पाहणाऱ्यांची गर्दी वाढली आणि त्यानंतरच्या प्रत्येक सप्टेंबरात पठारावरून परतणारी माणसे आमच्या फाटकाशी थांबून एकच मागणी करू लागली, ती म्हणजे अशी फुले आमच्या अंगणात लावून द्या.

त्या मागणीला आम्ही दिलेले पहिले उत्तर चुकीचे होते. एका पुरवठादाराकडून ‘रानफुले’ म्हणून आलेल्या बियांची पाकिटे आम्ही दोन वर्षे विकली. बी झटकन उगवे, नारिंगी-पिवळी फुले भरपूर येत आणि गिऱ्हाईक समाधानाने परत येई. माझ्या सासूबाईंचे माहेर जावळी तालुक्यातले. त्यांनी ताटवा पाहिला आणि म्हणाल्या, “ही फुलं आमच्या रानात कधीच नव्हती गं.” चौकशी केली तेव्हा कळले की तो कॉसमॉस होता, मूळचा मेक्सिकोकडचा, जो एकदा माळावर सुटला की तेरडा, सोनकी आणि गवत यांची जागा अडवून बसतो. घाणेरी आणि गाजरगवताने आपल्या रानांचे काय केले हे डोळ्यांसमोर असताना त्याच वाटेने जाणारे आणखी एक झाड आम्ही स्वतःच्या हाताने घरोघर पोहोचवले होते. उरलेली पाकिटे आम्ही जाळली. त्या हंगामात उत्पन्न निम्म्यावर आले, तरी त्या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

पठारावरून बी किंवा रोप आणायचे नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. ते राखीव वन आहे आणि तिथून काही उचलणे हा गुन्हा आहे. शिवाय आणूनही उपयोग नाही. सुमारे 1,200 मीटर उंचीवरच्या त्या जांभ्या कातळावर मातीचा थर कित्येक ठिकाणी काही बोटांचाच आहे, पावसाळ्यात तो सतत पाण्याने भरलेला असतो आणि उन्हाळ्यात करपून निघतो. सीतेची आसवे ही इवलीशी वनस्पती अशा निकस ओलीत सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. तिला गोडोलीतल्या गच्चीवरच्या कुंडीत कोण जगवणार? टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. म्हणून आम्ही खोऱ्यातल्या ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधांकडे वळलो आणि त्यांच्या परवानगीने तेरडा, खुळखुळा, कोरांटी, कळलावी यांचे थोडे थोडे बी धरू लागलो. तेरड्याचे पिकलेले बोंड हात लागताच फुटून बी दूर उडते, त्यामुळे फांद्यांना मलमलच्या पिशव्या बांधाव्या लागतात, हे शिकण्यातच एक हंगाम गेला. खुळखुळ्याच्या बियांचे कवच कठीण असते. ते वाळूवर घासून रात्रभर भिजवल्याशिवाय उगवण नीट होत नाही.

पुढची चूक शेणखताची. गुलाबाला जे मानवते तेच आम्ही रानफुलांना दिले आणि तेरडा कमरेएवढा वाढून पहिल्या जोरदार पावसात आडवा झाला, तर मोकळ्या जागी हरळी आणि इतर गवत माजले. आता आम्ही वाफ्यात मुरूम मिसळतो, खत घालतच नाही आणि बी मृगाच्या आधी, पहिले वळीव पडून गेले की पेरतो. हे बी आपला पाऊस ओळखते. हिवाळ्यात पाइपने पाणी घालून ते फुलवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही बी देत नाही.

तरीही खरी अडचण बियांची नव्हती, ती पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांची होती. शाहूपुरीतल्या एका ताईंनी आमच्याकडून कळलावी नेली, श्रावणात तिच्या लाल-पिवळ्या फुलांचे कौतुक कळवले आणि दिवाळीनंतर वेल वाळलेला पाहून कुंडी उकिरड्यावर रिकामी केली. मातीखालचा कंद जिवंत होता आणि जूनमध्ये पुन्हा फुटणार होता, हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. त्या वनस्पतीचा प्रत्येक भाग, विशेषतः कंद, विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी आम्ही ती आता देत नाही, पण न सांगितल्याचा दोष आमचाच होता. दुसऱ्या एका गृहस्थांनी रुईची पाने अळ्यांनी खाल्ली म्हणून पैसे परत मागितले आणि औषध कोणते फवारू असे विचारले. त्या अळ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या होत्या आणि रुई लावण्याचा हेतू तोच होता. पैसे आम्ही परत दिले. त्यांनी फवारणी तेवढी केली नाही आणि पुढे कोषातून फुलपाखरू बाहेर पडताना नातवंडांसह पाहिले.

या दोन प्रसंगांनी आमच्या व्यवसायाची पद्धत बदलली. आता आम्ही बी विकण्याआधी अंगण पाहतो आणि स्पष्ट सांगतो की चार महिने फुले असतील, तर पुढे कित्येक महिने वाळलेल्या काड्या आणि उघडी माती दिसेल, तरी ते झाडून स्वच्छ करायचे नाही. गळलेले बी त्याच मातीत पुढच्या पावसाची वाट पाहते, पोकळ काड्यांत एकेकट्या राहणाऱ्या लहान माश्या घर करतात आणि मुनिया वाळल्या गवताचे बी खाऊन त्याच्याच काड्या घरट्याला नेतात. खुळखुळ्याच्या सुकलेल्या फांद्यांवर तर ब्लू टायगर फुलपाखरांचे नर मुद्दाम येतात, कारण मादीला आकर्षित करणारे गंधद्रव्य बनवण्यासाठी लागणारे रसायन त्यांना तिथे मिळते. हिवाळ्याच्या अखेरीस फूल हवेच असेल तर कुंपणाला धायटी सुचवतो. तिच्या लाल फुलांवर शिंजीर हा इवला पक्षी येतो. हे ऐकून जवळपास निम्मे लोक परत जातात, आणि आम्हीही त्यांना थांबवत नाही.

जे राहतात त्यांच्याकडे आम्ही कार्तिकात एक फेरी मारतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. गेल्या फेरीत सदर बझारमधल्या एका घरी मालकीणबाईंनी वाळलेल्या तेरड्याच्या वाफ्याभोवती सुतळी बांधून घेतली होती, कारण माळीदादा नवीन होते आणि न विचारता सगळे उपटून टाकतील अशी त्यांना भीती होती. वाफ्याच्या कडेला अजून न फुटलेली चार-पाच बोंडे होती. ती त्यांनी आमच्याकडच्याच जुन्या मलमलच्या पिशवीत बांधून ठेवली होती आणि शेजारच्या घरी द्यायची म्हणून चिठ्ठीही लावली होती.