तुम्ही विचारलंत म्हणून: ज्याला पुरलंच नाही, त्याला दफनभूमीत का शोधता?

लग्नकार्यात विचारतात, शेजारी विचारतात, सख्ख्या भावानंही विचारलं. "आपल्यात जाळतात. त्यात पणजोबा गेले मेसोपोटेमियात. मग तू खडकीच्या दफनभूमीत काय शोधतेस?" दर वेळी मी विषय बदलला. आता एकदाच सांगते.

पहिल्या महायुद्धात पणजोबा इंग्रजांच्या हिंदी फौजेत, ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत या गावी तुर्कांनी त्या फौजेला वेढलं. तो वेढा घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, पुन्हा सांगत नाही. २९ एप्रिल १९१६ ला, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, उपासमारीनं फौज शरण गेली आणि त्यानंतर पणजोबांचा ठावठिकाणा नाही. आमच्या गावच्या चावडीवरच्या पाटीत दोन आकडे आहेत: लढाईवर किती गेले आणि किती परतले नाहीत. नाव एकाचंही नाही. इराकातल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण आपल्या साध्या शिपायांची नावं त्या दगडावर कोरलीच नाहीत, नुसती संख्या. असल्या भेदभावाबद्दल युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ मध्ये माफी मागितली. ती बातमी वाचून मी रडले होते. हे आज पहिल्यांदा सांगतेय.

खडकीला १९१४-१८ चं स्मारक आहे. हिंदुस्थानातच मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी राखता आल्या नाहीत अशा अठराशेच्या वर लोकांची नावं त्यावर आहेत. पणजोबा तिथे नसणार, हे मला कळतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मात्र वेडी आशा होती, की आजारी पडून बोटीनं मुंबईला आले असतील. आता जाते ती कोरलेल्या नावावरून बोट फिरवायला. कुणाचं का असेना, नाव आहे. तुम्हाला हा वेडेपणा वाटत असेल तर वाटू दे.

पण खरं दुखणं दफनभूमीत नाही, पत्रात आहे.

पणजोबांचं एकच पत्र उरलंय, १९१५ सालचं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, जुन्या मोडी लिपीतलं. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सहा महिने शिकून मी ते वाचलं आणि सगळ्यात आधी आत्याकडे धावले.

पणजी जन्मभर एकच सांगायची: "त्यांनी पैसे मला पाठवले होते, दिरानं सावकाराला दिले." घरात तिला भांडखोर म्हणत. तिच्यावर विश्वास ठेवणारी एकटी आत्या. पत्रात सावकाराचा उल्लेख आहे आणि लगेच पुढे: 'मनीआडरकेलीआहेतीसद्यावे'. मी वाचलं, तीस द्यावे. शिपायाला तेव्हा महिना अकरा रुपये पगार, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची कमाई. मी म्हटलं, "आत्या, तीस रुपये सावकाराला द्या असं त्यांनीच कळवलंय."

आत्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आजी खोटं बोलत होती होय गं?"

मी म्हटलं, "कागद तरी तेच म्हणतोय."

त्याच वर्षी आत्या गेली.

पुढे मोडी शिकवणाऱ्या सरांना पत्र दाखवलं. ते त्या ओळीवर थांबले. म्हणाले, "बाकी सगळ्या रकमा आकड्यांत आहेत. हीच तेवढी अक्षरांत का? हे 'तिस द्यावे' असू शकतं." तिस. तिला. पणजीला.

'असू शकतं', एवढंच ते म्हणाले. लिहिणाऱ्याला एकदा आकड्याचा कंटाळा आला नसेल कशावरून? तेव्हाची मी म्हणायची, आठवणीपेक्षा कागद खरा. आजची मी तिला विचारते, की कागद तू वाचलास की घरात ऐकलेलं त्यात वाचलंस? ती उत्तर देते, की आता तुला आत्यासाठी 'तिस' हवंय म्हणून तेच दिसतंय. तिचंही चूक नाही.

भाऊ म्हणतो, सोड आता, घरच्या जमिनीच्या वादाचा निकाल कधीच लागलाय, चुलत्यांशी वाकडं कशाला? मला जमीन नकोय. आत्यासमोर बसून ती एक ओळ पुन्हा वाचायची आहे, दोन्ही तऱ्हांनी. सर म्हणालेत, त्याच लिहिणाऱ्याच्या हातची दुसरी पत्रं मिळाली तर तो 'तीस' कसा लिहायचा ते ताडून बघता येईल. म्हणून आता त्या पलटणीत माणसं गेलेल्या घरांतून जुने कागद विचारत फिरते.

तुमच्या माळ्यावर मोडीतलं काही असेल तर रद्दीत देऊ नका. मला आधी दाखवा.