पडदा पुढे, मराठी मागे

वाणिज्य शाखेच्या मुलांना संगणक शिकवताना दरवर्षी एकच अडचण समोर येते. समजावून सांगायचे मराठीत, पडद्यावरचे मेनू मात्र इंग्रजीत, आणि एका संगणकासमोर तीन-तीन मुले बसलेली असताना प्रत्येकाच्या खांद्यामागे उभे राहून ‘इथे दाब’ असे सांगणे एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातले नाही. या अडचणीतूनच मी मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाच्या चित्रफिती वर्गात लावू लागलो. पुढे एका वर्षी मला हवा असलेला पाठ मराठीत सापडला नाही, तेव्हा तो आपणच करून द्यावा असे मनात आले. साडेनऊ मिनिटांच्या त्या पाठाने माझे जवळजवळ तीन महिने घेतले. वेळ नेमका कशात गेला, ते लिहून ठेवावेसे वाटले.

आधी प्रकल्पाविषयी थोडे. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली आणि केंद्र सरकारच्या निधीतून उभ्या राहिलेल्या या कामात लिनक्स, पायथन, सायलॅब, लिबरऑफिस अशी मुक्त सॉफ्टवेअरे शिकवणारे, साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार होतात. एका बाजूला चित्रफीत आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडून शिकणाऱ्याने ऐकत ऐकत तेच हाताने करायचे, अशी ही पद्धत आहे. मूळ पाठ इंग्रजीत होतो आणि मग त्याचे निवेदन २२ भारतीय भाषांत केले जाते. फक्त निवेदन, कारण पडद्यावरची चित्रे आहेत तशीच राहतात. उद्या नोकरीच्या ठिकाणी मुलासमोर जो पडदा येईल तो इंग्रजीतच असेल, तेव्हा त्याची ओळख शिकतानाच झालेली बरी, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो. मात्र या एका निर्णयामुळे भाषांतर करणाऱ्याच्या मानेवर जे जोखड बसते, त्याची कल्पना मला काम हाती घेईपर्यंत नव्हती.

मला मिळालेला पाठ कॅल्कमधल्या सूत्रांचा होता. कॅल्क म्हणजे लिबरऑफिसमधला हिशेबाचा तक्ता. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे होऊन लिबरऑफिस उभे राहिले, आणि पैसे न मोजता ते कुणालाही वापरता येते, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत तेच आहे. पाठाची संहिता विकीच्या, म्हणजे अनेकांना मिळून लिहिता-बदलता येणाऱ्या संकेतस्थळाच्या, पानावर दोन स्तंभांच्या कोष्टकात असते. डावीकडे वेळ आणि उजवीकडे त्या क्षणी बोलायचे वाक्य. ‘०४:१२’ असा आकडा आणि त्याच्यासमोर इंग्रजी वाक्य, खाली ‘०४:१९’ आणि पुढचे वाक्य. याचा अर्थ माझ्या मराठी वाक्याला सात सेकंद मिळणार आणि त्या सात सेकंदांत पडद्यावरचा बाण जिथे जाईल तिथेच माझ्या शब्दांनी पोहोचायचे.

पहिला मसुदा मी चार दिवसांत लिहून काढला आणि मनाशी खूश झालो. मराठी स्वच्छ होती, पारिभाषिक शब्द जागच्या जागी होते. मग घड्याळ लावून मोठ्याने वाचायला बसलो आणि दुसऱ्याच मिनिटाला अकरा सेकंद मागे पडलो. इंग्रजीतले ‘सेव्ह’ मी ‘जतन करा’ केले होते, ‘सिलेक्ट’ला ‘निवड करा’ आणि ‘ड्रॅग’ला ‘माऊसच्या साहाय्याने ओढून आणा’. प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण सेकंद वाढत गेला होता. पण वेळेपेक्षा मोठा घोळ निराळाच होता. पडद्यावर ‘सेव्ह’ असे लिहिलेले बटण आहे आणि कानावर ‘जतन’ पडते आहे, तर शिकणाऱ्याने शोधायचे काय? म्हणून पडद्यावर जे शब्द दिसतात ते तसेच देवनागरीत लिहायचे आणि भोवतालचे वाक्य मात्र पक्के मराठी ठेवायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. ‘सेव्हवर क्लिक करा’ हे भाषाशुद्धीच्या कसोटीला उतरत नसेल, पण बटण सापडते.

जे शब्द पडद्यावर दिसत नाहीत त्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. ‘सेल’, म्हणजे तक्त्यातला एक चौकोन, हा शब्द या पाठात पडद्यावर दिसत नव्हता, म्हणून तिथे मी मोठ्या अभिमानाने ‘रकाना’ लिहिले होते. ही संहिता आमच्या कार्यालयातल्या मुख्य लिपिकांना सहज वाचायला दिली, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारले, “सर, रकान्यात एकच आकडा कसा लिहायचा? रकान्यात तर पूर्ण वर्षाच्या नोंदी येतात.” ते बरोबर होते. सरकारी नोंदवहीत ‘रकाना क्रमांक ३’ म्हणजे वरपासून खालपर्यंतची उभी पट्टी, आणि आयुष्यभर नोंदवह्या भरलेल्या माणसाला तो शब्द एका चौकोनासाठी वापरलेला चालणार नाही. मी ‘चौकट’, ‘घर’, ‘कप्पा’ असे सगळे घालून पाहिले आणि शेवटी ‘सेल’ वर आलो. उभ्या पट्टीला ‘स्तंभ’ आणि आडवीला ‘ओळ’ म्हटले. ‘स्तंभ’ कुणाला फार आवडला नाही, पण त्याच्यामुळे कुणी अडखळलेही नाही.

यानंतर मराठी वाक्यरचनेशी झटापट सुरू झाली. आपले क्रियापद शेवटी येते, आणि एरवी त्याचे काही वाटत नाही. ‘इन्सर्ट मेनूवर क्लिक करा’ या वाक्यात तर ते सोयीचेच पडते, कारण आधी जागा कळते, बाण तिकडे जातो आणि क्लिक नेमके क्रियापदाबरोबर होते. पण मी एके ठिकाणी लिहिले होते : ‘आता आपण सी तीनपासून सी सातपर्यंतचे, खर्चाच्या रकमा असलेले सर्व सेल माऊसचे डावे बटण दाबून धरून निवडू.’ (सी तीन म्हणजे सी या स्तंभातला तिसऱ्या ओळीचा सेल.) वाक्य निर्दोष आहे, परंतु ‘निवडू’ ऐकू येईपर्यंत पडद्यावरची निवड होऊन बाण दुसरीकडे निघून गेलेला असतो आणि शिकणारा हात माऊसवर ठेवून नुसता ऐकत बसलेला असतो. ते मोडून मी तीन वाक्ये केली : ‘सी तीनवर जा. डावे बटण दाबून धरा. सी सातपर्यंत ओढत न्या.’ लांबी जवळजवळ तेवढीच राहिली, पण आता प्रत्येक क्रियापद हाताच्या हालचालीबरोबर पडू लागले. तीस वर्षे मी मुलांच्या उत्तरपत्रिकांत तुटक वाक्यांखाली लाल रेघ ओढत आलो आहे. इथे माझीच भरदार वाक्ये मला तोडावी लागली, आणि त्यात ‘आपण निवडू’ की ‘निवडा’ हा गोंधळही सुटला. जिथे निवेदक करून दाखवतो तिथे ‘आपण’ आणि जिथे शिकणाऱ्याने करायचे तिथे सरळ आज्ञार्थ.

नवी संहिता तयार झाली की ते सॉफ्टवेअर अजिबात न वापरलेल्या माणसाला ती देऊन केवळ तिच्या आधारे त्याला काम जमते का ते पाहायचे, अशी नवशिक्याच्या तपासणीची एक पायरी प्रकल्पात आहे. माझे काम भाषांतराचे होते, तरी मी ही तपासणी आपणहून करायचे ठरवले आणि आमच्या ग्रंथालयातल्या परिचरांना विनंती केली. सगळे महाविद्यालय त्यांना मामा म्हणते. पुस्तकांच्या नोंदी ते संगणकावर करतात, पण हिशेबाचा तक्ता त्यांनी कधी उघडलेला नव्हता. मी संहिता वाचत गेलो आणि ते करत गेले. मध्ये काही सांगायचे नाही, अशी शपथ मी स्वतःला घातली होती.

चौथ्या मिनिटापर्यंत सगळे सुरळीत चालले. मग सूत्र आले. माझ्या संहितेत होते : ‘बरोबरचे चिन्ह, एस, यू, एम, कंस सुरू, सी तीन, अपूर्णविराम, सी सात, कंस पूर्ण.’ मामांनी ‘एसयूएम’पर्यंत व्यवस्थित टंकले, कंस शोधला, ‘सी तीन’ लिहिले आणि हात थांबला. “अपूर्ण म्हणजे अर्धा ना? स्वल्पविराम का?” त्यांनी स्वल्पविराम दाबला. एंटर केल्यावर बेरीज आली, पण ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या आकड्याची, मधले तिन्ही गळलेले, कारण सूत्रात अपूर्णविराम म्हणजे ‘पासून-पर्यंत’ आणि स्वल्पविराम म्हणजे नुसते ‘आणि’. पडद्यावर चूक झाल्याची काही खूण नव्हती आणि मामांना उत्तर मिळाल्याचा आनंद झाला होता. ही चूक फार वाईट जातीची आहे, कारण ती दिसतच नाही. शपथ मोडून मी त्यांना रकमा तोंडी मोजायला सांगितल्या, तेव्हा ते म्हणाले, “मग हे यंत्र खोटे बोलले म्हणा की!” यंत्र खरेच बोलले होते, माझी संहिता खोटी पडली होती. ‘अपूर्णविराम’ हा शब्द शाळेत सगळ्यांनी एकदा पाठ केलेला असतो आणि परीक्षेनंतर सोडून दिलेला असतो. मी तिथे ‘कोलन, म्हणजे एकाखाली एक दोन टिंबे’ असे लिहिले. त्याला सव्वा सेकंद जास्त लागला, तो पुढच्या वाक्यातले ‘अशा प्रकारे आपल्याला दिसून येते की’ काढून भरून घेतला. नाहीतरी ते शब्द काही सांगत नव्हते.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली, जी मूळ इंग्रजी पाठात येण्याचे कारणच नव्हते. ग्रंथालयातल्या संगणकावर मराठी कळफलक चालू होता, त्यामुळे सुरुवातीला ‘सी’ ऐवजी भलतेच अक्षर उमटले. सूत्राच्या आधी पडद्यावर तीन सेकंदांची शांतता होती, तिथे मी ‘कळफलक इंग्रजीवर ठेवा’ एवढे तीन शब्द घातले आणि तपासणीला पाठवताना कारण लिहून कळवले. ते मान्य झाले.

ध्वनिमुद्रणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथल्या सगळ्या चुका माझ्या उतावीळपणाच्या होत्या. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअरही मुक्तच आहे आणि त्याचे पाठही याच प्रकल्पात आहेत. मी ते न पाहताच एका बैठकीत सगळे निवेदन मुद्रित केले. पंख्याची घरघर काढण्यासाठी आधी रिकाम्या खोलीतला दोन-तीन सेकंदांचा आवाज नमुना म्हणून दाखवायचा असतो आणि मग तेवढाच आवाज वजा करायला सांगायचे असते. मी वजाबाकी इतकी सढळ हाताने केली की माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा झाला. दुसऱ्या खेपेला पंखा बंद ठेवून, दुधाच्या गाड्या सुरू होण्याआधी, पहाटे पाच वाजता बसलो. तुकडे-तुकडे मुद्रित केले आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात कोष्टकातल्या वेळेवर आणून ठेवली. तरी सहाव्या मिनिटाला दोन सेकंदांची तफावत राहिली. आवाजाचा वेग वाढवून ती बुजवता येते, पण मग माणूस घाईला आल्यासारखा वाटतो. म्हणून तिथले वाक्यच पुन्हा लहान केले.

हक्कांचा प्रश्न मला एका सहकाऱ्याने विचारला होता. तुम्ही राबायचे आणि ते फुकट कुणीही घ्यायचे? हे पाठ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली आहेत, त्यात श्रेय देणे आणि आपण त्यात केलेला बदलही त्याच अटींवर खुला ठेवणे बंधनकारक असते. मी स्वतः दोन वर्षे इतरांचे पाठ फुकटच वर्गात लावत होतो, एवढे त्याला सांगितले.

तपासणीतून संहिता दोनदा परत आली. विकीवर प्रत्येक बदल कुणी व केव्हा केला ते दिसत राहते, त्यामुळे आपले वाक्य आणि दुरुस्त झालेले वाक्य शेजारी ठेवून पाहता येते. पहिल्या दिवशी ते झोंबते. माझ्या संहितेत ‘निकाल’ आणि ‘उत्तर’ हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी आले होते. पुनरुक्ती टाळावी हे आम्ही निबंधात शिकवतो, म्हणून मी ते मुद्दाम केले होते. पण नवशिक्याला वाटते की निकाल वेगळा आणि उत्तर वेगळे. आता सगळीकडे ‘उत्तर’ आहे, एका परिच्छेदात चार वेळा आहे, आणि राहू दे.

दुसरा पाठ मी पुढच्या सत्रात केला, तो क्रमवारी लावण्याचा होता. या वेळी संहिता माझी आणि आवाज मराठी विभागातल्या एका सहकारी बाईंचा, असे ठरले. त्यांनी मुद्रणाच्या आधी पेन्सिल घेऊन माझ्या सगळ्या ‘दाखवतो’, ‘निवडतो’, ‘उघडतो’ यांच्या मात्रा बदलल्या. इंग्रजी निवेदकाला हा त्रास नाही, हिंदीला मात्र आहे. त्यांचा उच्चार स्वच्छ असल्यामुळे पाठ एकाच फेरीत मान्य झाला आणि मी तो आनंदाने प्रयोगशाळेत लावला. मागच्या बाकावरची एक मुलगी चित्रफितीबरोबर विकीवरची संहिताही उघडून वाचत होती. शेवटच्या ओळीला तिने हात वर केला. “सर, बाई म्हणतात ‘आपला निरोप घेते’, आणि इथे लिहिलंय ‘घेतो’. कोण निरोप घेतंय?” बाईंनी पेन्सिल कागदावर चालवली होती, आणि विकीवरचे पान दुरुस्त करायचे काम माझ्याकडे होते. तास संपल्यावर तिथेच बसून मी ते पान उघडले आणि वरपासून खालपर्यंत एकेक क्रियापद तपासत गेलो. ‘घेतो’ धरून एकूण नऊ निघाली.