सेबननंतर आलेला माणूस

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल टीमला निक सेबनच्या जागी नवा हेड कोच मिळून दोन वर्षं होऊन गेली, तरी लोक कॅलेन डीबोरबद्दल अजून तो कालच आल्यासारखं बोलतात. 'हा आपला नाही', 'याला जमायचं नाही', 'सेबन असता तर'. विद्यापीठाचं गाव टस्कलूसा, तिथल्या माझ्या जुन्या मैत्रिणी, लॅबमधले मित्र, सगळ्यांचं हेच पालुपद. मला आज डीबोरच्या बाजूने लिहायचंय. त्याचं सगळंच पोटात घालून नाही, पण त्याच्या बाजूने.

अमळनेर तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातल्या बाईचा याच्याशी काय संबंध, ते आधी सांगते. २००९ ते २०११ मी टस्कलूसाला एमएस केलं. आपल्या भुसावळपेक्षा लहान शहर. वस्ती जेमतेम लाखभर आणि ब्रायंट-डेनी स्टेडियमही लाखाचंच. मॅचच्या शनिवारी सगळा गाव लाल कपड्यांत. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. बॉल हातात घेऊन धावायचं, फेकायचा, समोरच्याला अडवायचं. खेळणारी पोरं कॉलेजचीच, अठरा-वीस वर्षांची. मी गेले त्याच सीझनला टीम देशात पहिली आली. जानेवारी २०१० मध्ये टेक्ससला ३७-२१ ने हरवलं. त्या रात्री रस्त्यावर अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. घरापासून इतकं लांब आलेल्या मुलीला ते काय वाटलं असेल, हे लिहून कळायचं नाही.

निक सेबन तेव्हा तिथला कोच होता. २००७ ते २०२३ या काळात त्याने अलाबामाला सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि त्याआधी एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाला, २००३ मध्ये एक. पण मला तो आठवतो तो २०११ च्या एप्रिलमधला. २७ तारखेला संध्याकाळी शहरातून मोठं चक्रीवादळ गेलं. आख्ख्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या, पन्नासाहून जास्त माणसं गेली, विद्यापीठाने परीक्षा रद्द केल्या. त्या दिवसांत सेबन मदत छावणीत लोकांमध्ये होता. नंतर त्याच्या संस्थेने घरं गेलेल्यांना घरं बांधायला हातभार लावला. त्यामुळे तिथल्या लोकांना तो निव्वळ मॅच जिंकून देणारा वाटत नाही. घरावर संकट आलं तेव्हा दारात उभा राहिलेला माणूस आहे तो. हे लक्षात घेतलं नाही, तर डीबोरवरचा राग कुठून येतो ते समजत नाही.

१० जानेवारी २०२४ ला सेबनने निवृत्ती जाहीर केली. वय ७२. त्याआधी नऊच दिवस रोझ बोल नावाच्या मोठ्या सामन्यात मिशिगनकडून ज्यादा वेळेत २७-२० ने हरलो होतो. आपल्याकडे ११ तारखेची पहाट होती. उठून फोन बघितला तर मैत्रिणींचे मेसेजवर मेसेज. एकीने फक्त रडका चेहरा पाठवला होता, तोही ओळीने कितीतरी वेळा. दोन दिवसांत नवा कोच ठरला. १३ तारखेच्या सकाळी नाव कळलं: कॅलेन डीबोर, वॉशिंग्टन विद्यापीठाचा कोच. त्याच आठवड्यात त्याची टीम अंतिम सामन्यात त्याच मिशिगनकडून ३४-१३ ने हरली होती.

संक्रांतीच्या आधीचा तो शनिवार. संध्याकाळी शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजताहेत, बायका मिरच्या-लसूण ठेचताहेत, कळण्याच्या भाकरी थापल्या जाताहेत आणि मी एका हाताने वांगं सोलत दुसऱ्या हाताने फोनवर टस्कलूसा वाचतेय. एक जण म्हणतो, दक्षिणेतला नाही, त्याला इथला फुटबॉल काय कळणार. दुसरा म्हणतो, सेबनचाच एखादा शिष्य आणायला हवा होता. तिसऱ्याला त्याचं बोलणं फार शांत वाटतं, सेबनसारखी जरब नाही. आणि पोरं तर लगेच निघालीच. कोच बदलला की खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जायला तेव्हा महिनाभराची मुभा मिळायची. केलेब डाउन्ससारखा गुणी बचावपटू ओहायो स्टेटला गेला, आयझाया बाँड टेक्ससला. लोकांनी तेही डीबोरच्याच नावावर मांडलं. त्याने अजून एक मॅचसुद्धा खेळवली नव्हती.

आबांनी विचारलं, काय झालं? सांगितलं. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "जुना मास्तर ग्या म्हनजे नवा मास्तरले पोरे तरास देतसच." आणि पुढे विचारलं, "पन तो माणूस शे कसा?"

हे टस्कलूसात फार थोड्यांनी विचारलं होतं. त्या रात्री मी शोधून शोधून वाचलं. डीबोर साउथ डकोटातल्या मिलबँक या छोट्या गावचा. सू फॉल्स नावाच्या लहानशा विद्यापीठात तो खेळला, तिथेच पुढे कोच झाला. पाच वर्षांत ६७ विजय आणि फक्त ३ पराभव. त्या पाचांतली तीन वर्षं, २००६, २००८ आणि २००९, छोट्या कॉलेजांच्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद. मग इथे-तिथे सहायक म्हणून राबला, फ्रेस्नो स्टेटला हेड कोच झाला आणि वॉशिंग्टनला दोन वर्षांत २५ विजय, ३ पराभव. मोठ्या नावाच्या सावलीत न वाढता, कुणी बघत नाही अशा मैदानांवरून हा माणूस वर आला होता. मला तो तेव्हाच आवडला. आमच्याकडे असे खूप आहेत. तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं कबड्डीची पोरं घडवणारे सर असतात. त्यांच्या निवृत्तीला हार-शाल होते आणि नव्या सरांचं नावही गावाला महिनाभर माहीत नसतं.

पहिला सीझन मी जवळजवळ सगळा जागून बघितला. टस्कलूसाची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची पहाट. २०२४ च्या सप्टेंबरात मैदानाला सेबनचं नाव देण्यात आलं. त्याचा पुतळा स्टेडियमबाहेर आधीपासून आहेच. नव्या माणसाने रोज त्या पुतळ्यावरून यायचं आणि त्या नावाच्या गवतावर उभं राहायचं. २९ सप्टेंबरला पहाटे पाचला जॉर्जियाची मॅच सुरू झाली. २८-० अशी आघाडी, मग ती हातातून निसटत निसटत जॉर्जिया ३४-३३ ने पुढे, आणि लगेच पुढच्याच खेळीला आपल्या जेलन मिल्रोचा लांब पास सतरा वर्षांच्या रायन विल्यम्सने घेतला, गिरकी मारून दोघांना चुकवलं आणि थेट टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे. ७५ यार्ड. मी ओरडले तशी आई देवघरातून बाहेर आली. ४१-३४. त्या सकाळी सगळ्यांना डीबोर आपला वाटला. 'म्हटलं होतं ना मी', असं म्हणणारे कुठून कुठून निघाले.

पुढच्याच आठवड्यात नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टकडून ४०-३५ ने हरलो. आपण पहिल्या क्रमांकावर होतो आणि १९८४ नंतर त्या टीमकडून कधी हरलो नव्हतो. नवरात्राचे दिवस, घरात घट बसलेले, रात्री पावणेदोनला सुरू झालेली मॅच. नॅशव्हिलच्या लोकांनी गोलपोस्ट उपटून रस्त्यारस्त्यांतून मिरवला आणि कंबरलँड नदीत टाकला. त्यांचा आनंद बघून मला राग आला नाही. चाळीस वर्षांनी आलेला दिवस होता त्यांचा. राग आला तो आपल्या लोकांचा. आठवडाभर आधी ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं, तेच आता हाकला म्हणत होते.

मग २० ऑक्टोबरचा रविवार. रात्री टेनेसीकडून २४-१७ ने हरलो, आणि सकाळी बंगळुरूत न्यूझीलंडने आपल्याला कसोटीत हरवलं. पहिल्या डावात ४६ धावांत सगळे बाद झाल्यावर दुसरं काय होणार होतं! १९८८ नंतर न्यूझीलंडने भारतात जिंकलेली ती पहिली कसोटी. माझा धाकटा भाऊ टीव्हीसमोर गौतम गंभीरला बोलत होता. द्रविडने जूनमध्ये वर्ल्ड कप हातात दिला आणि याने तीन महिन्यांत वाट लावली, द्रविड असता तर असं झालंच नसतं. शब्दसुद्धा तेच, फक्त माणसांची नावं वेगळी. मी त्याला म्हटलं, द्रविड गेला याचं दुःख तू गंभीरवर काढतोयस. तो रागावून उठून गेला. पण मला वाटतं ते खरं होतं, आणि टस्कलूसालाही तेच चाललंय. लोक डीबोरला बोलताना दिसतात. खरं तर ते अजून सेबनला निरोप देताहेत, आणि तो निरोप त्यांना जमत नाहीये.

हे तिथे पहिल्यांदा घडत नाही. सेबनच्या आधी त्या गावाचा देव होता बेअर ब्रायंट. १९५८ ते १९८२ कोच, त्याचीही सहा विजेतेपदं. त्याच्यानंतर आलेल्या कुणालाच सुखाने राहू दिलं नाही. बिल करी नावाच्या कोचच्या ऑफिसची काच १९८८ मध्ये विटेने फोडली, कारण घरच्या मैदानावर ओल मिसकडून, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाकडून, हरला म्हणून. पुढच्याच वर्षी त्याने दहा मॅच जिंकून दिल्या आणि तो स्वतःच सोडून गेला. ब्रायंटनंतरचं पहिलं विजेतेपद १९९२ मध्ये, जीन स्टॉलिंग्जच्या हाताखाली आलं. एवढी वर्षं एका गेलेल्या माणसाची वाट बघण्यात गेली.

आणि स्वतः सेबन? २००७ च्या वसंतात नुसता सराव सामना बघायला ९२,००० माणसं आली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात घरच्या मैदानावर लुइझियाना-मनरो या छोट्या टीमकडून अलाबामा २१-१४ ने हरली. सीझन संपला तेव्हा सात विजय, सहा पराभव. डीबोरच्या पहिल्या वर्षी नऊ विजय आणि चार पराभव. हे आकडे मी माझ्या मैत्रिणीला पाठवले तेव्हा ती म्हणाली, तेव्हाची टीम मोडकळीला आलेली होती, डीबोरला तर भरलेलं घर मिळालं. हे तिचं म्हणणं मी मान्य करते. तुलना पूर्ण बरोबरीची नाही. पण सेबनलाही वेळ लागला होता आणि तो त्याला दिला गेला, एवढं तरी आठवायला नको?

डीबोरचं जे चुकतं ते चुकतंच. त्याची टीम मोठ्यांसमोर उभी राहते आणि जिथे जिंकायलाच हवं तिथे ढिली पडते. २०२४ च्या नोव्हेंबरात ओक्लाहोमाकडून २४-३. २०२५ ची पहिलीच मॅच फ्लोरिडा स्टेटकडून ३१-१७. गणपतीचे दिवस होते, मी अर्धवट झोपेत बघत होते, आणि पोरांच्या हालचालींतच जोर नव्हता. त्या दिवशी मलाही बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण त्यानंतर याच टीमने जॉर्जियाला त्यांच्याच अथेन्स गावात जाऊन २४-२१ ने हरवलं. घरच्या मैदानावर सलग ३३ मॅच जिंकलेली टीम होती ती. मग व्हँडरबिल्टला ३०-१४. विजेतेपदासाठी खेळणाऱ्या शेवटच्या बारा टीममध्ये जागा मिळाली, तिथे ओक्लाहोमाला त्यांच्या मैदानावर १७-० ने मागे असताना ३४-२४ ने हरवलं. ढिल्या कोचची पोरं अशी परत उभी राहत नाहीत.

आणि २ जानेवारीला पहाटे रोझ बोलमध्ये इंडियानाने आपल्याला ३८-३ ने चिरडलं. त्या टीमचा कोच कर्ट सिग्नेटी. सेबन टस्कलूसाला आला तेव्हाच्या पहिल्या चार वर्षांत तो त्याच्या हाताखाली होता, म्हणजे मी तिथे होते तेव्हाही. पुढे मोठी नोकरी सोडून तो लहान कॉलेजांत गेला, तिथून वर चढला आणि बासष्टाव्या वर्षी इंडियानासारख्या कायम हरणाऱ्या टीमला हात घातला. दुसऱ्या वर्षी सोळापैकी सोळा जिंकून देशात पहिला. आता टस्कलूसाचे लोक म्हणतात, हा आपला होता, याला का नाही आणलं? २०२४ च्या जानेवारीत त्याचं नाव पुढे आलं असतं, तर याच लोकांनी 'हा कोण?' म्हणून तोंड वेंगाडलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सिग्नेटीच्या टीममध्ये मला जे दिसलं आणि डीबोरच्या टीममध्ये दिसलं नाही, ते बॉल हातात घेऊन सरळ समोरच्या भिंतीतून धावण्याचं बळ. २०२५ मध्ये आपलं धावणं फार कमजोर होतं. सगळा भार क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, टाय सिम्पसनच्या हातावर. पुढच्या सप्टेंबरात मी सगळ्यात आधी तेच बघणार आहे: पुढच्या फळीतली पोरं समोरच्यांना मागे रेटतात की नाही. रेटत असतील तर डीबोरने ऐकलं, असं मी समजेन. नसतील तर मी स्वतः त्याच्याविरुद्ध लिहीन, पण ते त्याच्या कामावर लिहीन, सेबनचं नाव न घेता. टस्कलूसाच्या मैत्रिणींनाही मी हेच सांगितलंय. एकीने होकार दिला, बाकीच्या अजून गप्प आहेत.