शकुंतलेच्या डिझेलचे कागद मिळवताना

‘सदर मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा असल्याने मागितलेली माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.’ माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला रेल्वेच्या कार्यालयाकडून आलेल्या या एका ओळीच्या उत्तराने माझे जवळजवळ चार महिने खाल्ले. कागद हाती येऊनही तिचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे गाव दारव्हा आणि यवतमाळच्या मधले. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी शकुंतला ही नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरची गाडी आमच्या शिवारातून जात असे, आणि मी शिक्षक म्हणून नोकरीला लागलो तेव्हा पहिली काही वर्षे त्याच गाडीने शाळेत गेलो. तिच्या वाफेच्या इंजिनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेले ते इंजिन 1923 पासून या मार्गावर धावले आणि 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले, हे आमच्याकडे शाळकरी पोरसुद्धा सांगते. मात्र त्याच दिवसापासून पुढची वीसेक वर्षे ज्या डिझेल इंजिनाने आम्हाला ओढले, त्याची नोंद कोणी ठेवली आहे, असे विचारले तर सगळे गप्प होतात. नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात जाऊन आलो. तिथेही माणसे थांबतात ती वाफेच्या इंजिनापुढे. कालका-शिमला मार्ग आमच्याच मापाचा, म्हणजे 762 मिलिमीटर रुंदीचा. तिथल्या डिझेल रेलकारचे लोक कौतुकाने फोटो काढतात, कारण तो मार्ग 2008 पासून जागतिक वारसा आहे. आमचे डिझेल धूर कमी सोडत होते, एवढाच बहुधा त्याचा गुन्हा. शाळेच्या संग्रहासाठी त्याच्या दुरुस्तीच्या आणि इंधनाच्या नोंदवह्यांच्या प्रती मिळाव्यात, म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला.

अर्ज लिहिणे, टपालात टाकणे, पोचपावती येणे यात सांगण्यासारखे काही नाही. एकोणतिसाव्या दिवशी वरचे उत्तर आले.

मालकीबद्दल ते चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक चीड आणणारे होते. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा म्हणून हे रूळ टाकले गेले, आणि स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा मार्ग कंपनीच्याच नावावर राहिला. परंतु रूळ कोणाचे, हे मी विचारलेच नव्हते. गाडी चालवणारी मध्य रेल्वे, ड्रायव्हर आणि गार्ड तिचे, आणि स्टेशनांवर तिकीटबाबू नसल्यामुळे डब्यात येऊन तिकीट फाडणारा तो गार्डही सरकारी पगारावरच. अशा गाडीच्या इंजिनाची नोंदवही मग कंपनीच्या कपाटात कशी असेल? कायद्याने माहिती मागता येते ती सार्वजनिक प्राधिकरणाने ‘धारण केलेली’ किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असलेली. ती वस्तू कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्नच तिथे येत नाही. शिवाय माहिती खरोखर दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवणे हे त्यांचेच काम होते. त्यांनी तो पाठवला नाही, मला परत केला.

मी स्वतः जाऊन चौकशी केली. खिडकीवरील बाबूंनी अर्ज मराठीत का, असे विचारले. कलम 6(1) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे स्पष्ट लिहिलेले आहे, हे मी दाखवल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न काढला, की तुम्हाला हे कशासाठी हवे. कारण सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही, हे कलम 6(2) त्यांना दाखवताना माझा आवाज चढला, आणि ती माझी चूक झाली. त्या दिवशी मला साधा आवक क्रमांकही मिळाला नाही. घरी परतलो तर शेजारचे काका म्हणाले, ‘‘मास्तर, बंद पडलेल्या गाडीसाठी तुम्ही कायले एवढे झिजून राह्यले?’’ त्यांना उत्तर देण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

इथे आठवले म्हणून सांगतो: अर्जाच्या शुल्काची दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर गावच्या टपाल कार्यालयात मिळेल, असे गृहीत धरू नका. मला ती तालुक्याला दोन फेऱ्या मारून मिळाली. ती लेखाधिकाऱ्याच्या नावे काढावी लागते आणि तिच्या प्रतीवर क्रमांक वाचता येईल असा ठेवावा.

पहिल्या अपिलाला शुल्क लागत नाही, पण ते उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करावे लागते. मी एकविसाव्या दिवशी केले. त्यात कायद्याची कलमे तीनच ओळींत मांडली आणि उरलेल्या पानावर दोन प्रश्न लिहिले: या इंजिनात डिझेल भरण्याचे पैसे कोणी दिले, आणि त्याच्या ड्रायव्हरचा पगार कोणत्या कार्यालयातून निघत होता? अपिलीय अधिकाऱ्यांनी सुनावणीत तेवढेच दोन प्रश्न खालच्या कार्यालयाला विचारले. उत्तर देताना तेथील साहेबांना फार वेळ लागला नाही. नोंदी पाहू देण्याचा आदेश चाळिसाव्या दिवशी निघाला. मला झालेला आनंद काहीसा पोरकट होता, हे कबूल करतो.

अर्जात ‘का’ असे विचारू नका. कागद मागा, त्याचे नाव आणि काळ लिहा. मी पहिल्या अर्जात ‘डिझेल इंजिनाचे जतन का झाले नाही’ असाही एक प्रश्न घातला होता, आणि तो घातला नसता तर कदाचित बाकीच्या मागणीकडे त्यांनी अधिक नीट पाहिले असते.

पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो, त्यानंतर दर तासाला पाच रुपये. मी तीन तास बसलो. इंधनाच्या नोंदवहीची कडा उधळीने खाल्ली होती, पण पाने वाचता येत होती, आणि त्यांतील एका पानावर आमच्या स्टेशनाचे नाव निळ्या शाईत, एका मात्रेची चूक करून लिहिलेले होते. दोन रुपये पानाप्रमाणे बावीस प्रती घेतल्या, चव्वेचाळीस रुपये भरले आणि पावती मागून घेतली.

ते इंजिन आज कुठे उभे आहे, यासाठी दुसरा अर्ज करायचा आहे. या वेळी पोस्टल ऑर्डरी एकदम पाच घेऊन ठेवल्या आहेत.