माघवारी आणि समोरच्या काकू

आषाढात आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या शेतकऱ्याला कुठली सवड? शेतात चिखल, भाताची लावण तोंडावर. म्हणून इकडच्या पुष्कळ दिंड्या माघी एकादशीच्या. सुगी आटपलेली असते, पहाटे बोचरी थंडी आणि दुपारी चटका. मी वडगावात शिलाईकाम करते, शेताशी संबंध नाही, तरी गल्लीतल्या दिंडीत नाव घातलं. रांगेत शेजारी आल्या नेमक्या समोरच्या घरातल्या काकू. आमची ओळख नळावरची. पाणी कधीतरी येणार आणि घागर कुणाची आधी, एवढंच बोलणं वर्षानुवर्षं.

संकेश्वर, चिकोडी, अंकली, कृष्णेवरचा पूल ओलांडून मांजरी, मग कागवाड, म्हैसाळ, मिरज. माघात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या संपता संपत नाहीत आणि ट्रॅक्टरवर कानठळ्या बसवणारी कन्नड गाणी. पण वीणा दिसली की ड्रायव्हर आवाज बारीक करतात. एकानं तर ट्रॉली थांबवून आम्हाला ऊस दिला. आम्ही सीमाभागातली माणसं, १९५६ पासून पाट्यांवरून आणि भाषेवरून भांडतो. भांडण खोटं नाही, पण रस्त्यावर ते कुणी काढलं नाही.

चिकोडीच्या पुढं एका मळ्यात दुपारचा विसावा होता. माझ्या टाचेला पाण्यानं टंच फोड आलेला. काकूंनी न विचारता माझा पाय आपल्या मांडीवर ओढला. मी "राहू द्या, काकू" म्हणतेय तोवर त्यांनी सुईत पांढरा दोरा ओवून ती फोडातून आरपार काढली, दोन्हीकडं बोटभर दोरा सोडून कापला. "ओढू नको गं. रात्रीत पाणी उतरतंय बघ." दोऱ्याच्या टोकाला थेंब जमत होता, त्या पदरानं टिपत होत्या.

मळ्यातल्या म्हाताऱ्या आजी, कपाळावर विभूतीचे पट्टे, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, घेऊन आल्या. "कुंद्री, उण्री", बसा, जेवा, असं कन्नडात म्हणत वाढतच राहिल्या. मी सवयीनं पर्स काढली. आजींनी माझा हात धरून पर्स परत पिशवीत ढकलली आणि वाकून माझ्याच पायाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देणं मला जमतं. एखादीचे शिलाईचे पैसे सोडून देताना बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू! घेणं जमत नाही. घेतलं की कमीपणा आला असं घरात शिकलेले. पण दिंडीत ते चालत नाही. झोपायला जागा कुणाच्या तरी ओसरीवर, आंघोळीचं पाणी कुणाच्या तरी बोअरचं, आणि हरिपाठ झाला की सगळे एकमेकांच्या पाया पडणार, लहानमोठं न बघता. मिरज मागं पडेपर्यंत माझा संकोच बराचसा गळाला. "अजून एक भाकरी असेल का, माऊली?" असं मी तोंडानं मागितलं, यावर घरचे अजून विश्वास ठेवत नाहीत.

पंढरपुरात दर्शनाची रांग बघून आम्ही कळसालाच हात जोडले. चंद्रभागेत पाय बुडवले, चुरमुरे-बत्तासे घेतले आणि एसटी धरली.

नळावरचं भांडण थांबलं असं मात्र कुणी समजू नका. पण मी मशीनवर असताना पाणी आलं, तर काकू माझीही घागर भरून पायरीवर ठेवतात. मी "राहू द्या" म्हणत नाही. स्वतःची घागर मात्र त्या अजून पहिलीच लावतात.