आर्टिस्ट पॉइंटवर हिवाळ्यातला मुक्काम

"अगं, थंडीत माणसं घरात बसतात. तुम्ही बर्फावर झोपायला कसले जाताय?" आईचा फोन. हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला गेले की तिची तक्रार नसायची. तिथे गुहा होती, गरम पिठलं-भाकरी मिळायची. इथे वर यातलं काहीच नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून निघणारा ५४२ नंबरचा रस्ता उन्हाळ्यात थेट आर्टिस्ट पॉइंटपर्यंत जातो. हिवाळ्यात तो माउंट बेकरच्या स्की एरियाशी संपतो आणि पुढचं सगळं बर्फाखाली. १९९८-९९ च्या हंगामात इथे ११४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला होता. एका हंगामातला तो जागतिक विक्रम. आम्हाला जायचं होतं आर्टिस्ट पॉइंटजवळच्याच हंटून पॉइंटच्या माथ्यावर. उंची ५२४७ फूट, आपल्या कळसूबाईपेक्षाही थोडी कमी, आणि स्की एरियापासून चढ साधारण हजार फुटांचा.

निघायच्या सकाळी नॉर्थवेस्ट अव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज वाचला. धोका कमी होता म्हणून गेलो, नाहीतर घरीच बसलो असतो, यावर माझं नि नवऱ्याचं एकदाही भांडण होत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यात घातक. ऑस्टिन पासच्या वरचा तीव्र टप्पा आम्ही अंतर ठेवून, एकेकाने पार केला. स्नोशू म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट. तिच्या टाचेखालची दांडी उभी केली की चढावर पोटऱ्यांना केवढा आराम मिळतो, ते पाठीवर जड सॅक असली की कळतं.

चढणं हा या प्रकारातला किरकोळ भाग. खरा उद्योग वर पोहोचल्यावर. स्नोशू घालूनच जागा तुडवून सपाट करायची आणि मग तिला हात लावायचा नाही. दाबलेले कण एकमेकांना धरतात आणि अर्ध्या तासात ओटा कडक होतो. घाई करून लगेच तंबू ठोकला तर रात्री गुडघा टेकला तिथे खड्डा. साध्या खुंट्या बर्फात टिकत नाहीत. पिशव्यांत बर्फ भरून दोऱ्या बांधल्या आणि त्या पुरल्या.

मग पाणी. चहूकडे पाणीच, पण प्यायला थेंब नाही! ताजा बर्फ दहा लिटर वितळवला तर हाती लिटरभर पाणी येतं. भांड्यात आधी थोडं पाणी ठेवून वर बर्फ घालायचा. नुसता बर्फ घातला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. आमचा स्टोव्ह पेट्रोलसारख्या द्रव इंधनाचा आहे, कारण साध्या गॅसच्या डब्यातलं ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. नवरा स्टोव्हपाशी बसून बर्फ वितळवत होता, मी बाटल्या भरत होते. घरी स्वयंपाकाला इतका वेळ लागला असता तर त्याने बाहेरून मागवलं असतं.

जेवायला घरून भाजून आणलेल्या रव्याचा उपमा, उकळतं पाणी ओतलं की तयार. वर तुपाचा सढळ गोळा, कारण झोपताना पोटात चरबी असली की अंग तापतं राहतं. डिंकाचे लाडू मात्र दगड झाले होते. ते काखेत ठेवून मऊ करावे लागले.

डिसेंबरअखेर इथे सूर्य सव्वाचारला मावळतो आणि आठला उगवतो. समोरच्या शुक्सन पर्वताचे कडे गुलाबी झाले, मग करडे, आणि त्यानंतर पंधरा तास अंधार. याची तयारी कोणी सांगत नाही. सातलाच जेवण-भांडी आटोपली. गरम पाण्याची बाटली पायाशी, बुटांची आतली अस्तरं स्लीपिंग बॅगमध्ये, बाकीच्या बाटल्या उलट्या करून ठेवलेल्या, कारण पाणी वरून गोठत येतं आणि झाकणाशी बर्फ झाला की बाटली उघडत नाही. खाली फोमची चटई, तिच्यावर हवेची. गारठा वरच्या हवेपेक्षा खालच्या बर्फातून जास्त शिरतो. मग गप्पा, पत्ते, पुन्हा गप्पा. लग्नानंतर आम्ही सलग इतका वेळ बोललो नव्हतो.

सकाळी पुरलेल्या पिशव्या उकरायला नाश्त्यापेक्षा जास्त वेळ लागला. एकेक फावड्याने फोडून काढावी लागली.

आणि हो, सगळे शेवटी दबक्या आवाजात विचारतात तो प्रश्न: शौचाचं काय? बर्फात पुरलेलं वसंतात जसंच्या तसं वर येतं. म्हणून खास पिशवीत बांधलं, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं आणि खाली घेऊन आलो. कोणाच्या सॅकमध्ये, हे आम्ही पत्त्यांवर ठरवलं होतं. मी जिंकले.