आमच्या जिन्यातली निवडणूक

एडिंबऱ्यातल्या जुन्या दगडी इमारतींना मधोमध एकच जिना असतो आणि तो धुवायची पाळी आळीपाळीने प्रत्येक बिऱ्हाडावर येते. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला पाटी लटकते. आठ दारं, आठ बिऱ्हाडं. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. फक्त इथे कुणी दार उघडं टाकून बसत नाही.

तळमजल्यावर एक आजी राहतात. आम्ही सगळे त्यांना नावानेच हाक मारतो, पण मनात माझ्या त्या आजीच. स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या लुइस बेटावरच्या. फ्री चर्च या कडक प्रोटेस्टंट पंथाच्या, म्हणजे इथले लोक ज्यांना जरा चिडवत ‘वी फ्रीज’ म्हणतात त्यातल्या. रविवारी धुणं नाही, टीव्ही नाही, दुकान नाही. त्यांच्या बेटावर एके काळी रविवारी बागेतले झोपाळे बांधून ठेवत. तिथल्या स्टॉर्नोवे बंदरातून रविवारची फेरीबोट सुटायला २००९ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हाही विरोध झालाच. एकदा त्यांनी मला त्यांच्याकडच्या गेलिक भाषेतल्या स्तोत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. पेटी नाही, तबला नाही. एकाने ओळ म्हणायची आणि मागून सगळ्यांनी आपापल्या लयीत ती उचलायची. डोळे मिटले तर टाळ नसलेलं भजन. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर दोघे पुरुष राहतात. एक शाळेत शिकवतो, दुसरा नर्स आहे. २०१५ पासून ते एकमेकांचे नवरे आहेत. आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “भाऊ-भाऊ का?” म्हटलं, नाही, लग्न झालंय त्यांचं. बराच वेळ आवाज नाही. मग, “स्वयंपाक कोण करतं?”

नर्स करतो. तोही लुइसचाच, तिथल्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्याचा मुलगा. तो आणि आजी जिन्यात भेटले की गेलिकमध्ये बोलतात आणि मास्तर बाजूला उभा राहून बूट बघत असतो. त्यांच्या घराची जादा किल्ली आजींकडे असते. लग्नाला मात्र आजी गेल्या नव्हत्या. आधीच सांगितलं होतं त्यांनी, की मला जमणार नाही, आणि कारणही तोंडावर सांगितलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२३ चा फेब्रुवारी. स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे इथल्या मुख्यमंत्री, निकोला स्टर्जन यांनी अचानक राजीनामा दिला आणि त्यांच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला नवा नेता, म्हणजे स्कॉटलंडला नवा फर्स्ट मिनिस्टर निवडायचा होता. अर्थमंत्री केट फोर्ब्स बाळंतपणाच्या रजेवर होत्या, वय ३२. हायलँड्स या डोंगराळ भागातल्या, गेलिक बोलणाऱ्या, हुशार; लहानपणाचा काही काळ भारतातही काढलेला, कारण आईवडील मिशनच्या कामासाठी तिकडे होते. त्याही फ्री चर्चच्या. त्यांनी उमेदवारी जाहीर केली आणि लगेच पत्रकारांनी विचारलं, २०१४ ला सभागृहात असता तर समलिंगी विवाहाच्या कायद्याला मत दिलं असतं का? त्यांनी सरळ सांगितलं, नाही, माझ्या विवेकाला ते पटलं नसतं. पण आता तो कायदा आहे आणि त्या हक्काचं मी रक्षण करीन. त्यांना पाठिंबा देणारे आमदार एकेक करून मागे फिरले. इतक्या वेगाने, की मी चहा घेईपर्यंत यादी बदललेली असायची.

समोर मुख्यतः हमजा युसुफ होते. मुसलमान, समलिंगी विवाहाला जाहीर पाठिंबा. पण ४ फेब्रुवारी २०१४ ला कायद्यावर शेवटचं मतदान झालं (१०५ विरुद्ध १८) तेव्हा ते सभागृहात नव्हते. पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या एका स्कॉटिश माणसासाठी तेव्हा बैठक होती, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच पक्षातला एक माजी मंत्री म्हणाला की बैठक मुद्दाम त्या वेळेला लावली. युसुफ यांनी ते साफ नाकारलं. आधीच्या टप्प्यावर त्यांनी बाजूने मत दिलं होतं, हेही खरं.

आता आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे दोघेही पक्षाचे सभासद. सुमारे ७२ हजार सभासदांच्या हातात मत होतं, त्यातली दोन आमच्या जिन्यात.

मास्तर भडकला होता. त्याची शाळा नव्वदच्या दशकातली, म्हणजे त्या कलमाच्या छायेतली, ज्याने शाळांना समलिंगी संबंधांचा ‘प्रसार’ करायची बंदी केली होती. ते १९८८ ला आलं आणि स्कॉटलंडमध्ये २००० साली गेलं. जाताना केवढं रण माजलं होतं! ब्रायन सूटर या बसवाल्या उद्योगपतीने ते टिकवावं म्हणून स्वतःच्या पैशाने घरोघरी मतपत्रिका पाठवल्या होत्या. मास्तर म्हणाला, “शाळेत मला मार पडायचा आणि बाई विषय बदलायच्या. वाईट नव्हत्या त्या. घाबरलेल्या होत्या. आता कुणी म्हणतंय की तुझं लग्न माझ्या विवेकाला पटत नाही, पण काळजी करू नकोस. का करू नको?”

नर्सचं म्हणणं उलटं. “जी तोंडावर नाही म्हणते तिचा मला हिशोब कळतो. मी अशाच घरात वाढलोय. वडील आमच्या लग्नाला आले नाहीत, पण मी आजारी पडलो तेव्हा बोटीने आले आणि पंधरा दिवस सूप करत बसले. मला तिचं मत नकोय. तिचा शब्द पुरे आहे.”

मी तिथे पाहुणा. मतही नाही, घरात चर्चही नाही. पण भांडण ऐकताना मी सुरुवातीला मास्तरच्या बाजूला होतो, मग जुन्या गोष्टी वाचत गेलो आणि जरा घसरलो. हे काही पहिलंच प्रकरण नव्हतं. २००६ मध्ये टोनी ब्लेअर यांनी समानतेचं खातं रुथ केली यांना दिलं. कट्टर कॅथलिक, ओपस डेई या कॅथलिक संघटनेशी संबंध. समलिंगी हक्कांचं काम यांच्याकडे? लोकांनी डोक्याला हात लावला. आणि मग २००७ साली दुकान, लॉज, दत्तक संस्था कुणीही समलिंगी माणसाला सेवा नाकारू नये असे नियम आले ते त्यांच्याच खात्यातून. कॅथलिक दत्तक संस्थांना सूट हवी होती. ती मिळाली नाही. २००८ अखेरपर्यंतची मुदत तेवढी मिळाली.

खासदार निकी मॉर्गन यांची तर गंमतच. त्यांनी २०१३ ला समलिंगी विवाहाविरुद्ध मत दिलं, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यांना महिलांचं खातं देताना समानता तेवढी वेगळी काढून साजिद जाविद यांच्याकडे दिली. म्हणजे सोवळ्याला विटाळ नको म्हणून ताट वाढायला दुसरा माणूस. तीन महिन्यांत समानताही त्यांच्याकडेच आली, आणि आणखी थोड्या दिवसांनी त्या म्हणाल्या की आता मत द्यायची वेळ आली तर बाजूने देईन.

मंत्र्यापेक्षा मला खिडकीमागचा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या इझ्लिंग्टनमध्ये विवाह नोंदणी करणाऱ्या एका बाईने समलिंगी जोडप्यांची नोंदणी करायला धर्माच्या कारणाने नकार दिला होता. प्रकरण थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि २०१३ च्या जानेवारीत त्या हरल्या. मला त्या बाईंबद्दल वाईट वाटलं, कारण त्या नोकरीला लागल्या तेव्हा हे काम नव्हतंच. तरी निकाल बरोबर वाटतो. खिडकीवर आलेल्याने आतल्याचा देव कोणता हे विचारून रांग निवडायची का?

तर माझं मत हळूहळू असं झालं: झालेल्या कायद्याची राखण श्रद्धाळू माणूस उत्तम करू शकतो, कधी कधी इतरांहून जास्त काटेकोर. पण न झालेल्या कायद्यावर पहिली सही तो करणार नाही. मास्तर हेच ओरडून सांगत होता. “२०१४ ला सभागृहात तिच्यासारखे साठ-सत्तर जण असते, तर आम्ही दोघे आजही फक्त रूममेट!”

त्याच आठवड्यात पक्षाच्या मतदानाला सुरुवात झाली, १३ मार्चला. आणि आदल्या दिवशीच आपल्या केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं होतं की समलिंगी विवाह भारतीय कुटुंबाच्या कल्पनेत बसत नाही. मास्तरने मोबाइलवर ते दाखवून मला विचारलं, “तुमच्याकडे मंत्र्यांना विचारतात का, तुम्ही कसं मत दिलं असतं?” मी म्हटलं, विचारत नाहीत. इंग्रजांनी १८६० साली बसवलेल्या ३७७ कलमातून समलिंगी संबंध वगळायला आम्हाला २०१८ लागलं, आणि तेही न्यायालयात. तो म्हणाला, “सॉरी.” ते कलम त्याने थोडंच बसवलं होतं, तरी म्हणाला. पुढे ऑक्टोबरमध्ये आपल्या न्यायालयानेही लग्नाचा प्रश्न संसदेकडे टोलवला. म्हणजे न झालेला कायदा, आणि सहीची खुर्ची. घरी फोनवर हे बोललो तर आई म्हणाली, “इथे काय, विचारलं तरी खरं कोण सांगणार?”

२७ मार्चला युसुफ जिंकले, दुसऱ्या फेरीत ५२ टक्के विरुद्ध ४८. इतकं निसटतं, की मला वाटलं पुष्कळ घरांत आमच्या तिसऱ्या मजल्यासारखं झालं असणार. नर्सने पहिली पसंती फोर्ब्स यांना दिली होती आणि ते लपवलंही नाही. मास्तर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दाराला पाटी लटकली, आणि बादली एकट्याने उचलत नाही म्हणून बोलावं लागलं.

वर्षभराने युसुफही पायउतार झाले. २०२४ च्या मे महिन्यात जॉन स्विनी आले आणि त्यांनी केट फोर्ब्स यांना उपप्रमुख केलं, डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर. बातमी आली तेव्हा योगायोगाने पुन्हा तिसऱ्या मजल्याची पाळी होती. मास्तर वरून पाणी सोडत खाली येत होता आणि तोंडाने सभागृहात ग्रीन पक्षवाले काय म्हणतील ते आधीच म्हणत होता. नर्स खाली फरशी पुसत होता. मी सायकल घेऊन अडकलेलो.

आजींचं दार उघडलं. मास्तरचं सगळं ऐकून घेतल्यावर त्या गेलिकमध्ये एक लांबलचक वाक्य बोलल्या आणि दार लावून घेतलं. नर्स हसायला लागला.

“काय म्हणाल्या?” मास्तरने विचारलं. “तिच्याबद्दल म्हणाल्या ना?”

“पाणी दाराखालून आत येतंय म्हणाल्या.”

“एवढं मोठं वाक्य?”

“गेलिक आहे,” नर्स म्हणाला आणि पोतेरं पिळायला लागला.